कोंडवाड्यातली डांगरं

मुंबईच्या एका स्नेह्याने पत्रात लिहिलं, "बेटं पाहायची तर कोकणात जा. तुमच्या खानदेशात धूळ आणि ऊन यांशिवाय आहे काय?" माझं डोकं तापलं. ज्यांनी तापी फक्त रेल्वेच्या पुलावरून, तीही डुलकी घेता घेता पाहिली, ते आम्हाला भूगोल शिकवणार! शाळेतून चार दिवसांची रजा काढली, दुर्बीण आणि वही पिशवीत टाकली आणि नंदुरबारहून एकटाच निघालो. सोबती मुद्दाम घेतला नाही. सोबती असला की मी बोलतो, आणि मी बोललो की पाखरं उडतात.

जायचं असेल तर माघात जा. नदी उतरलेली असते, बेटं उघडी पडलेली असतात आणि हिवाळी पाखरं अजून परत गेलेली नसतात. तापीकाठच्या कोरीट गावापर्यंत मी भाड्याची सायकल नेली. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या. काळी धूळ घोट्यापर्यंत. स्वातंत्र्य आलं, राज्य नवं झालं, पण या चाकोऱ्यांपर्यंत दोन्ही बातम्या पोहोचल्या नसाव्यात. गावात एका गुजर शेतकऱ्याने अंगणात बसवून ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि घरच्या मळ्यातली केळी वाढली. पैसे विचारले तर तो रागावला. तिथे पैसे विचारू नका.

पात्रातल्या बेटावर न्यायला लोटन भोई होता. नावेला चार आणे. "बठी जाय भाऊ, हालू नको," तो म्हणाला. "तुन्ही दुर्बीण पडनी ते माशास्ले दिखाले लागी."

बेट लांबट होतं, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालायला पाऊण तास लागला. वरच्या टोकाला झाऊची झुडपं, खाली स्वच्छ वाळू. चक्रवाकांची जोडी उथळ पाण्यात उभी होती. मी ओणवा होऊन पाहत राहिलो. मधल्या भागात मात्र वाळूत ओळीने खड्डे, त्यांत खत, आणि वेलींवर हिरवी फळं. आमच्याकडे टरबूज असो की खरबूज, लोक डांगरच म्हणतात. नदीच्या पात्रातली डांगरवाडी हे भोई लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं शेत. पूर आला की जातं, पाणी उतरलं की पुन्हा मांडायचं.

त्या वाडीत लोटनची बायको केसरबाई कच्ची डांगरं तोडून ढीग लावत होती. मी थक्क झालो. फळं मुठीपेक्षा थोडी मोठी. पिकायला अजून तीन आठवडे तरी हवे होते.

"माय, हे काय करता?"

तिने पदराच्या गाठीतून कागद काढला. "तू मास्तर शे ना? वाच. पोलिस पाटीलनी वाचं, तव्हयपाईन तोडी ऱ्हायनू."

कागद तालुक्याच्या कचेरीचा होता. बेटावरील पक्ष्यांच्या रक्षणासाठी 'बेटावर असलेली सर्व डांगरे आठ दिवसांत हलवावीत, अन्यथा जप्त करून कोंडवाड्यात घालण्यात येतील.'

अशा आदेशासाठी मी स्वतः सभांमधून घसा कोरडा केला होता. परदेशात पाणथळ जागा पाखरांसाठी राखतात, हे मी पुस्तकांतून वाचून लोकांना सांगत आलो होतो. आणि पाखरं राखायची म्हणून या बाईचं पीक उपटायचं? चक्रवाकाला टरबुजाची कसली अडचण?

"कोंडवाडामां डांगर!" लोटन म्हणाला. "खुटाले बांधतीन का? आनी सोडवाले दंड भरना पडी का?"

आम्ही तिघे हसलो, पण केसरबाईचा हात थांबला नाही. सहा दिवस गेले होते. उरलेली वाडी वाचवायला दोनच दिवस होते.

"उद्या तोडू नका," मी म्हणालो. "मी कचेरीत बोलतो."

रात्र गुजराच्या ओट्यावर काढली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाची दलदल पाहायची होती. पहाटे तासभर गेलो. लव्हाळ्यात करकोचे उभे होते. शंभर पावलांवरून त्यांचं ओरडणं छातीत घुमतं. जाल तर अनवाणी जा, चपला गाळ ठेवून घेतो. पण माझं लक्ष लागेना. परतलो, तर केसरबाई कचेरीला यायला गुजराच्या बैलगाडीत बसलेली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

कचेरीत साहेबांपुढे मी वीस मिनिटं बोललो. अन्नाचा हक्क, नदीचा हक्क, काही सोडलं नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं. पण त्यांनी पाखरांची अंडी तुडवावीत का?"

"कुणी?"

"डांगरांनी."

मी गोंधळलो. कोपऱ्यातल्या कारकुनाने मदत केली. तो नागपूरकडून बदलून आलेला. "आमच्याकडे गुरांना ढोर-डांगर म्हणतात ना, जी. तलाठ्याने लिहिलं, बेटावर पुष्कळ डांगर आहे. म्हणून चराईबंदी काढली."

केसरबाई पुढे झाली. फडकं सोडलं आणि हिरवं टरबूज साहेबांच्या कागदांवर ठेवलं.

"हाई मन्हं डांगर, साहेब. चरी ऱ्हायनं का, देखी ल्या."

ते गडगडत शाईच्या दौतीला जाऊन टेकलं. साहेब हसले, कारकून हसला, दारातला शिपाईही हसला. साहेबांनी आदेशातला शब्द खोडून 'गुरे' लिहिलं, सही केली. काम दोन मिनिटांत झालं.

"आनी ज्या तोडात, त्यास्नं काय?" तिने विचारलं.

त्या प्रश्नाला कचेरीत रकाना नव्हता. अर्धी वाडी वाळूवर ढीग होऊन पडली होती, एका शब्दापायी, जो तलाठ्याला माहीत होता, गावातल्या पोराटोरांना माहीत होता, फक्त सही करणाऱ्याने कुणाला विचारला नव्हता. मीही वीस मिनिटांत तिला एकदा बोलू दिलं नव्हतं.

निघताना तिने ते टरबूज माझ्या पिशवीत टाकलं. "ली जाय, मास्तर. तुन्हा आवाजमां बहू जोर शे. पन पहिले इचारी ली."

घरी येऊन चार आठवडे झाले. मुंबईच्या स्नेह्याला उत्तर लिहायला घेतलं आहे: बेटं आहेत, चक्रवाक आहेत, या. टरबूज टेबलावर आहे. बायको रोज म्हणते, टाका ते. देठ वाळला, साल सुरकुतली, तरी ते हिरवंच आहे. वेलीवरून आधी तोडलेलं पिकत नाही.