अहो, कान दाखवा

मंगळवारी बायको गेली. गुरुवारी पिल्लू आलं.

पिल्लू तिनंच सांगून ठेवलं होतं. कुसगावात आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी वरच्या वाडीतून येतात. त्यांची कुत्री व्यालेली होती, आणि त्यातलं एक आपल्याला द्यायचं, असं हिनं कधीतरी दारात उभं राहून ठरवलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. घरात माणसं सतरंजीवर माना खाली घालून बसलेली, आणि दारात मावशी. एका हातात किटली, दुसऱ्या हातात पदराखाली काहीतरी वळवळत होतं.

"बाईंनी सांगितलेलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता न्हाई कुणाला म्हनू?"

त्या दिवशी पिल्लानं भेटायला आलेल्यांच्या पाच चपला पळवल्या. पाचही डाव्या. इंदुरीला शेती करणारे माझे मेव्हणे, एरवी फार गंभीर गृहस्थ, डाव्या पायात माझी बाथरूममधली स्लीपर घालून परत गेले.

नाव हिनं मनात ठरवलेलं असणार. ते मला कळायचं राहिलं. दुसरं काही सुचेना. मग एकदा तो भिंतीचा गिलावा खात असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, काय करताय?" अगदी हिच्या सुरात. त्यानं गिलावा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या हाकेला मी जसा बघत आलो होतो, तसंच, थोडं अपराधी. नाव ठरलं.

पुढचा विचार मी केला नव्हता. रस्त्यात "अहो, टाका ते तोंडातलं!" असं मी ओरडलो की टपरीवर वडापाव खाणारे दोन-तीन नवरे दचकून थांबायचे. एकानं तर खरोखर टाकला.

टपरीपाशी एक म्हातारा काळा कुत्रा पडून असायचा. तो नुसता उठून बसला तरी आमचे अहो पाठीवर पडून, चारी पाय वर करून किंकाळी फोडत. म्हातारा अजून पाच हात लांब असे. लोणावळ्याला फिरायला आलेल्या लोकांनी गाडीच्या काचा खाली करून मला सुनावलं, "शरम नाही वाटत? एवढ्याशा जिवाला मारता?" मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. शंका आली की पुस्तक उघडायचं, एवढंच मला येतं. पाठीवर पडणं म्हणजे 'मी लहान आहे, मला सोडा' असं सांगणं, हे पुस्तकात मिळालं. किंकाळीचं काही मिळालं नाही. म्हणून एक वही केली आणि रोजच्या नोंदी करू लागलो.

"काय लिवताय?" मावशींनी एकदा विचारलं.

"कुणी हात न लावता ओरडतो हा. कुठं दुखतं ते शोधतोय."

"दुखतंय कुटं! निस्ता कांगावा हाय. सात भावंडं व्हती. जो वरडंल त्याला आई जवळ घ्यायची. शिकलंय त्ये."

मी वहीत लिहिलं : कांगावा. म्हाताऱ्या कुत्र्याला ते माझ्याआधी कळलं असावं. किंकाळी संपेपर्यंत तो तोंड फिरवून उभा राहायचा, पाहुण्याचं भाषण संपायची वाट बघणाऱ्या मुख्याध्यापकासारखा. मग एकदा हुंगायचा, आणि दोघं टपरीभोवती सुसाट पळायचे. मला हसू यायचं. हसण्याआधी मी आजूबाजूला बघून घ्यायचो. हिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं आणि अहो बदलले. म्हातारा डाव्या बाजूनं जवळ आला. हे ओरडले नाहीत, पडले नाहीत. ओठ वर केले आणि त्याच्या नाकाला चावले. रक्त आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टपरीवाला म्हणाला, "सर, ह्यो बिघडला. उद्या पोरास्नी धरंल." मेव्हण्यांना कळलं तेव्हा त्यांनी फोन केला. "आमच्याकडे सोडा. साखळीला बांधू, शेताची राखण होईल. रविवारी येतो न्यायला." मी बरं म्हणालो. हिनं या घरात आणलेला शेवटचा जीव मी साखळीला देणार होतो. त्याची ताटली धुऊन पिशवीत ठेवली.

शनिवारी सकाळी मावशी दूध ओतता ओतता थांबल्या. "आज आवाज न्हाई?"

"चार दिवस नाही. मोठा झाला."

"चार दिस? मग वहीत काय लिवलं?"

"आवाजाच्या रकान्यात 'शांत' लिहिलंय."

मावशींनी किटली खाली ठेवली. "भाऊ, खरं दुखलं की जनावर गप बसतं. वरडत असलं तर बेस चाललंय म्हनायचं." त्या उकिडव्या बसल्या. "अहो, कान दाखवा."

मीच कान पुढे करणार होतो.

अहोंनी मान डावीकडे कलवली आणि तो कान काही धरू दिला नाही. लोणावळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी चिमट्यानं त्यातून कुसळ काढलं, वाळल्या गवताचं, चांगलं लांब. आत पू झाला होता. म्हातारा चार दिवस त्याच कानाचा वास घ्यायला येत होता, आणि मी वहीत 'शांत'च्या शेजारी 'भांडण' लिहीत होतो. चिमटा आत असताना अहो थरथरले, पण हूं की चूं नाही. मग डॉक्टरांनी दुसरा कान, उजवा, कापसानं नुसता पुसला. अशी किंकाळी उठली की बाहेर बसलेल्या बाईंच्या हातातून मांजर सुटून कपाटावर गेलं.

"अहो, हा कान चांगला आहे!" डॉक्टर ओरडले. आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं.

मला हसू फुटलं. बाकावर बसून हसलो. चष्मा काढून पुसला आणि परत हसलो. या वेळी आजूबाजूला बघायचं राहिलं.

संध्याकाळी मेव्हण्यांना फोन केला. "उद्या जेवायला या. न्यायला नको."

"आणि चपला?" त्यांनी विचारलं.

"घरात आणून मांडीवर ठेवा."

चार दिवसांनी टपरीपाशी म्हातारा उठून बसला. अहो पाठीवर पडले आणि किंचाळले. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. एक गाडी थांबली, काच खाली आली, मला बोलणी बसली.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्याचं झालं. तुमचाबी कान बघाया पायजे एकदा. बाई गेल्यापास्नं लय गप हाय तुमी."

मी पातेलं पुढे केलं.

हिच्यामागे दूध अर्धा लिटर केलं होतं. आता घरात आम्ही दोघं आहोत, आणि दूध पुन्हा एक लिटर लागतं.