गावचे पाहुणे

काल ओतूरला वडिलांना बँकेत नेलं, तिथं अंगठ्याच्या शाईची डबी उघडली आणि शाळेतल्या एका रविवारचा वास आला. मी तेव्हा डोंगरातल्या आश्रमशाळेत सातवीत होते. शिमगा नुकताच झाला होता, शाळेमागच्या करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. रविवारी पालक भेटायला यायचे, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी भेटीची वही माझ्याकडे दिली होती. शेजारी बसलेली मैत्रीण प्रत्येक ओळ वाचत होती. तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून मोटारसायकलवरून येऊन गेले होते. तेवढ्यात माझे वडील आले. मेंढरं आईवर सोपवून पहाटेच चालत निघालेले, खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या. घोंगडीचा वास येताच मैत्रिणीनं नाकाला ओढणी लावली. "कोण गं?" तिनं हळूच विचारलं. मी 'नातं' या रकान्यात लिहिलं, 'गावचे पाहुणे'. ते वाचून ती पाणी प्यायला उठून गेली. वडिलांनी वहीजवळच्या शाईच्या डबीत अंगठा टेकवून त्या शब्दांशेजारी जपून उठवला. "काय लिवलंस गं बाय?" "वडील," मी म्हणाले. "लई ब्येस," म्हणत ते ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिले. काल बँकेचा कागद मीच भरला, तेव्हा साहेब म्हणाले, "बाबा, कागद वाचून दाखवू का?" वडिलांनी डबीत अंगठा बुडवला. "कशाला? माझ्या पोरीनं लिवलंय."