ती अंगाई नव्हती

"आ कर. अजून मोठा. हां, तसंच ठेव."

मॅडमनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझ्या तोंडात उजेड पाडला. वर्गात चौदा जण होते. एकेक जण उठून आला, वाकला, माझ्या तोंडात बघून गेला. आमच्या कोलामी भाषेतला एक आवाज काढताना जीभ कुठे टेकते, ते त्यांना बघायचं होतं. मी आवाज काढायचा आणि जीभ तिथेच ठेवायची. जबडा दुखायला लागला. लाळ हनुवटीवरून गळ्यावर आली. पुसायला हात उचलला तर मॅडम म्हणाल्या, "स्वल्प थांब गं, दोघं राहिलेत."

माझे वडील बैलबाजारात बैलाचे दात असेच बघायचे. पण ते आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवायचे.

तो बेंगळुरूतला माझा पहिला आठवडा. एका संस्थेत एम.ए.ला आले होते. विषय होता, मरायला टेकलेल्या आदिवासी भाषा पुन्हा बोलत्या करणं. त्या चौदा जणांनी जी प्रवेश परीक्षा दिली, तीच मीही दिली होती. मी पंधरावी विद्यार्थिनी. पण त्या दिवसापासून मला बाक मिळालाच नाही. मॅडमच्या टेबलाजवळ एक खुर्ची असायची, ती माझी. पाहुणे आले की मॅडम माझ्याकडे हात करून सांगायच्या, "ही आमची स्पीकर." म्हणजे भाषा बोलून दाखवणारी. विद्यार्थिनी आहे, असं कधीच नाही.

आणि गंमत अशी, की मला माझी भाषा धड येतच नव्हती.

आमचा पोड यवतमाळ जिल्ह्यातला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, पंचवीस-तीस घरं. सातव्या वर्षी मला आश्रमशाळेत टाकलं. पहिल्याच दिवशी मी पाणी मागितलं. आमच्या भाषेत पाण्याला 'ईर' म्हणतात. गुरुजी म्हणाले, "माणसासारखं बोल." मला 'पाणी' हा शब्द ठाऊक नव्हता. मी पुन्हा ईर म्हणाले. गुरुजींनी माझ्या तोंडात खडू कोंबला आणि दुपारपर्यंत उभं केलं. संध्याकाळपर्यंत मला पाणी म्हणता यायला लागलं होतं.

सुट्टीत घरी गेले. वडिलांना हे कळलं. त्यांनी घरात सांगून टाकलं, पोरांशी मराठीच बोलायचं. त्यांची स्वतःची मराठी मोडकी. त्या मोडक्या मराठीत ते आमच्यावर रागवायचे, लाड करायचे. आई एकटीच ऐकायची नाही. ती माझ्याशी कोलामीच बोलायची, पण हळू आवाजात. चोरीचा माल द्यावा तशी. मी उत्तर मराठीत द्यायचे.

मराठीत मी इतकी तयार झाले, की कॉलेजात निबंधाला पहिली आले. बक्षीस घेताना प्राध्यापक कौतुकानं म्हणाले, "कोलामाची वाटतच नाहीस." मी लाजून हसले. ते हसू मला अजून आठवतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

म्हणून आले होते बेंगळुरूला. आपली भाषा शिकायला. पहिल्या दिवशी हॉस्टेलजवळच्या दुकानात एका बाईनं 'नीरु' म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. मी तिथेच उभी राहिले. नीरु. ईर. एवढ्या लांब, या अनोळखी शहरात, आमच्या पाण्याची बहीण भेटली होती. त्या दिवशी मी फार आनंदात होते.

मॅडम मराठीच. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आधी चामराजपेटेत, आता मल्लेश्वरमला. त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेली, 'जरा'ला स्वल्प म्हणायच्या, 'बरं'ला सरी. वाईट बाई नव्हत्या. मला थंडी बाधली तेव्हा त्यांनी स्वतःची शाल दिली. सणाला घरी जेवायला बोलावलं. पानात दुसऱ्यांदा भात वाढत म्हणाल्या, "अगं, माझी मुलं मराठी बोलत नाहीत. इथे आमची मराठीही मरतेय. तुझं दुःख मला कळतं. आपण सारख्याच."

मी मान डोलावली. मनात आलं, मॅडम, तुमच्या मराठीसाठी माझ्या तोंडात खडू कोंबला होता. आपण सारख्या कशा? पण समोर ताट होतं, आणि ते त्यांच्या घरचं होतं. मी जेवले.

माझ्या प्रत्येक कागदावर त्यांचीच सही लागायची. हॉस्टेल, शिष्यवृत्ती, हजेरी, प्रबंध. एक सही अडली असती तरी मी गावी परत. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

संस्थेत आवाज रेकॉर्ड करायची एक खोली होती. खोली कसली, कपाटच. खिडकी नाही, फक्त एका भिंतीत बंद काच. भिंतींना काळा स्पंज. दार लागलं की बाहेरचा आवाज बंद आणि आतलाही. आठवड्यातले तीन दिवस मी त्या खोलीत. काचेपलीकडून मॅडमचा एक संशोधक विद्यार्थी शब्द द्यायचा, मी ते कोलामीत म्हणायचे. डोकं. पाय. मी येते. ती आली. ती आली असती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुण्या साहेबानं लिहिलेलं आमच्या भाषेचं व्याकरण त्याच्यासमोर उघडं असायचं. मी अडखळले की तो स्पीकरवरून सांगायचा, "चुकलं. पुस्तकात वेगळं आहे." पुण्याचा मुलगा. कोलाम माणूस त्यानं माझ्याआधी पाहिलेला नव्हता. आणि त्याचंच बरोबर असायचं. मी मान खाली घालून पुस्तकातलं म्हणायचे. हे सगळ्यात जास्त लागायचं.

मी आत शब्द म्हणत असायचे तेव्हा वर्गात तास चालू असायचे. मॅडम म्हणायच्या, "तुला काय गरज तासांची? तुझ्या तर रक्तातच आहे."

सत्राच्या परीक्षेत एक पेपर होता, ऐकलेली भाषा ध्वनिलिपीत लिहून काढायचा. स्पीकर लावला. खरखर झाली आणि आवाज आला. माझाच आवाज. 'ती आली असती.' पोरं भराभर लिहायला लागली. मला ती लिपी यायची नाही. ती शिकवली तेव्हा मी त्या काळ्या खोलीत हेच वाक्य म्हणत होते. माझ्याच आवाजाच्या पेपरात मी नापास झाले.

मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "सरी, काळजी नको. दिवाळीला घरी जातेस ना? आईचं काहीतरी जुनं, दुर्मिळ घेऊन ये. त्यावर प्रकल्प लिही. मी बघते." हातात एक छोटा रेकॉर्डर दिला आणि संमतीचा कागद. बोलणाऱ्याची सही किंवा अंगठा.

घरी गेले. आई अंगणात धान पाखडत होती. मी म्हणाले, "आई, मला कोलामी शिकायचीय." मोडकीतोडकी कोलामीच, पण सगळं वाक्य. पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा. आईचे हात थांबले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी मोठ्यानं कोलामी बोलत होती. शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी ती मला वस्तीमागच्या माळावर घेऊन गेली. तिथे माझा धाकटा भाऊ पुरलेला आहे. दोन वर्षांचा होता, तापानं गेला. आई दगडापाशी बसली. म्हणाली, "त्याला पुरलं तेव्हा मी जे बोलले ते तुला सांगते. आपल्यात आई बोलते ते. माझ्या आईनं मला सांगितलं होतं. मशीन बंद कर."

मी मशीन पदराआड घेतलं.

बंद नाही केलं.

ती बोलत होती. थोडं गात, थोडं बोलत. तू वाट चुकू नकोस, मागे वळू नकोस, माझ्या दुधाचा वास विसर. असं ते होतं. निम्मं मला तेव्हा कळलं, निम्मं नंतर. ती डोळे मिटून बोलत होती आणि मी पदराआड बोटानं चाचपून बघत होते, मशीन चालू आहे ना.

संमतीचा कागद आईपुढे करायची हिंमत झाली नाही. परतताना पांढरकवड्याला स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शाईचा पॅड मागितला आणि माझाच डावा अंगठा उठवला. वर आईचं नाव लिहिलं.

मॅडमनी ऐकलं आणि मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "सोनं आणलंस."

डिसेंबरात त्या मला व्हाइटफील्डला एका कंपनीत घेऊन गेल्या. कंपनी बोलणारी मशिनं बनवायची. काचेची इमारत, गार हॉल, साठ-सत्तर माणसं. बरीचशी मुंबई-पुण्याकडची. मॅडमनी पडद्यावर माझ्या प्रकल्पातला आईचा फोटो लावला आणि आवाज सोडला.

तू वाट चुकू नकोस. मागे वळू नकोस.

आईचा आवाज त्या हॉलच्या चारी कोपऱ्यांतून येत होता. पहिल्या रांगेतली एक मुलगी मान हलवत ताल धरत होती. मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, "भारी आहे यार. खाली बीट टाकला ना, हिट होईल." एकानं हात वर करून विचारलं, "मॅडम, ही अंगाई आहे का?"

मॅडमना माहीत नव्हतं. मी प्रकल्पात अर्थ लिहिलाच नव्हता. नुसतं 'पारंपरिक गीत' लिहून मोकळी झाले होते. पण मॅडम क्षणभरही थांबल्या नाहीत. "हो, अंगाईच," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हो ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "हो."

टाळ्या वाजल्या.

परतताना कंपनीची गाडी होती. मागच्या सीटवर आम्ही दोघी. रस्ता तुंबलेला. ड्रायव्हर म्हणाला, "फुल जाम, मॅडम," आणि त्यानं इंजिन बंद केलं. डावीकडे बस, उजवीकडे टँकर, दार उघडायलाही जागा नाही. मॅडम मोबाइलवर हॉलमधले फोटो बघत होत्या.

मी म्हणाले, "मॅडम, ती अंगाई नव्हती."

"मग?"

मी सांगितलं. भाऊ, माळ, दगड, सगळं.

मला वाटलं, आता मॅडम रडतील. मग त्या म्हणाल्या, "अगं, मग तर हे अजून मौल्यवान आहे. असं कुणाकडेच नसेल. आणि अंगाई म्हटलं तर काय झालं? तिथे कोणाला कळणार होतं?"

"मला कळत होतं."

"सरी, पुढच्या वेळी बरोबर सांगू."

"पुढची वेळ नको. ते काढून टाका."

त्यांचा आवाज बदलला. मऊच होता, पण बदलला. "आता ते तुझं नाही. संग्रहात गेलं. तुझ्या आईची संमती आहे, कागद आहे."

"तो अंगठा आईचा नाही."

त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "मग कोणाचा?"

मी डावा अंगठा वर केला.

त्यांनी ड्रायव्हरकडे एक नजर टाकली. मग त्या हलकेच म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही. तूही बोलली नाहीस. बोललीस तर तुझं नाव पटावरून निघेल, माहितीय ना? मी वाचवू शकणार नाही. गप्प बस, पदवी घे, मग जा आणि तुझ्या लोकांसाठी हवं ते कर."

गाडी हलत नव्हती. मला खडू आठवला. तेव्हा तोंड गुरुजींनी बंद केलं होतं. या वेळी मॅडम ते माझं मलाच बंद करायला सांगत होत्या, आणि बदल्यात एम.ए. होतं. आणि आईशी जे झालं ते ना गुरुजींनी केलं होतं, ना मॅडमनी. ते माझ्या हातानं झालं होतं. मॅडमवर सगळं ढकलून मला सुटता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला अर्ज लिहिला. मराठीत. 'अंगठा माझा आहे. आईनं मशीन बंद करायला सांगितलं होतं, मी केलं नाही. तो आवाज संग्रहातून आणि जिथे जिथे दिला असेल तिथून काढून टाकावा. यापुढे मी वर्गासमोर किंवा पाहुण्यांसमोर नमुना म्हणून बसणार नाही.' खाली सही केली.

समिती बसली. तीन तास मी बाहेरच्या बाकड्यावर. निकाल असा, की फसवणुकीबद्दल माझं एक वर्ष रद्द, शिष्यवृत्ती बंद. मॅडमना समज दिली म्हणे. संग्रहातून आवाज काढला. कंपनीनं कळवलं, तो मशिनाला आधीच शिकवून झालाय, आता वेगळा काढता येत नाही. म्हणजे माझ्या आईचं ते बोलणं कुठल्या तरी यंत्राच्या पोटात आहे आणि राहणार आहे.

आईला फोन केला. कोलामीत सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आई मराठीत म्हणाली, "बरं. ठेव आता."

मराठीत.

तेव्हापासून ती माझ्याशी मराठीतच बोलते. जेवलीस का, थंडी आहे का, सगळं मराठीत. माझी मोडकी कोलामी ती ऐकून घेते आणि उत्तर मराठीत देते. मी पंधरा-सोळा वर्षं तिला जे दिलं, ते ती मला देतेय.

मी बेंगळुरू सोडलेलं नाही. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, दुपारी बाहेरची विद्यार्थिनी म्हणून तासांना बसते. शेवटचा बाक. ध्वनिलिपी शिकतेय. नव्या तुकडीतले काही जण अजून विचारतात, तुमच्यात अमक्याला काय म्हणतात? मी सांगते, "आमच्या पोडावर जा. विचारा. दिलं तर घ्या." मॅडम जिन्यात भेटल्या तर बाजूनं निघून जातात.

उन्हाळ्यात घरी जाणार आहे, रिकाम्या हातानं. आईच्या दारात बसेन. तिनं मराठीत विचारलं तरी कोलामीत बोलेन, चुकत बोलेन, पोरं हसली तरी बोलेन. ती उत्तर देईल की नाही, ठाऊक नाही. कदाचित कधीच देणार नाही. तिला तो हक्क आहे.

पण माझं तोंड आता कुणी उघडायचं नाही आणि कुणी बंदही करायचं नाही.