पेरूवाल्या विठाबाईनं घेतलेली परीक्षा

दौंड जंक्शनात उत्तरेची गाडी इंजिन फिरवायला अर्धा तास थांबायची, आणि तेवढ्यात विठाबाई पेरू विकायची. विकायची कसली, उलटतपासणी घ्यायची! कुठला, कुणाचा, आईला पत्र टाकतोस का, हे सांगितल्याबिगर पेरूला तिखटमीठ लागत नसे.

एकोणऐंशी साली तिची चांगुणा बारावीला असे मार्क घेऊन आली की दोन कॉलेजांतून बोलावणं आलं. पुण्याचं जवळ, पण तिथं नुसतं गणित. दुसरं पार उत्तरेला, गाडीनं दोन दिवस. तिथं कम्प्युटरचीच पदवी. पोरीनं उत्तरेचा हट्ट धरला. नवरा गेल्यापासून विठाबाईला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ही गेली तर घरात भांडायचं कुणाशी?

पण सरळ नाही म्हणेल तर ती विठाबाई कसली! हमालांदेखत तिनं जाहीर केलं, "त्या कॉलेजातली पोरं याच गाडीनं जात्यात. कम्प्युटर म्हंजी काय, त्ये मला अडाणीला कळंल असं एकानं जरी सांगितलं, तर खुशाल जा. न्हाई तर पुणं!"

पहिला पोरगा भेटला तो दहा मिनिटं इंग्रजीच बोलला. "बाळा, त्यो पेरू खाली ठिव," विठाबाई म्हणाली. मनातून बाई खूश!

चार दिवसांनी दुसरा भेटला. चष्मेवाला, किडकिडीत, सासवडचा. प्रश्न ऐकून म्हणाला, "मावशी, कुणाला कुठला पेरू द्यायचा, हे कसं ठरवता?"

"दाबून बघती. पिकलेला म्हाताऱ्याला, कच्चा पोरांला."

"हेच एकेक करून लिहून दिलं, तर ते यंत्र तसंच करतं. चुकत नाही, दमत नाही. पण लिहिलं नाही ते करत नाही."

"आन् गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव वाढवायचा आसंल तर?"

"तेही लिहून द्यायचं."

विठाबाई खो खो हसली. हमालही हसले. चांगुणाचे डोळे लकाकले, तशी विठाबाईनं हसू गिळलं.

"न्हाई बाबा, काय बी कळलं न्हाई," ती म्हणाली.

पोरगा हिरमुसून गाडीत चढला. चांगुणा नुसती पाटीतले पेरू उगाच सारखे करत बसली. ते विठाबाईला बघवेना. एवढी भांडकुदळ पोर, भांडलीसुद्धा नाही! शिट्टी झाली, गाडी हलली.

विठाबाईनं चार पेरू उचलले, पदर खोचला आणि डब्यामागं धावत सुटली. खिडकीतून पेरू आत फेकत ओरडली, "कळलं रं पोरा! समदं कळलं!"

धापा टाकत परत आली. चांगुणा बघतच राहिली.

"बघती काय? मेल्यानं सांगितलंच तसं," डोळे पुसत ती खेकसली. "आण त्यो कॉलेजाचा कागद. अंगठा कुठं करायचा, त्ये दाव."