दारू ओतायच्या दिवशी

दुपारची जेवणं उरकली की सेराफिन वसईतल्या घराच्या ओटीवरच्या खाटेवर घटकाभर आडवी होते. आज डोळा लागत नाही. आतल्या खोलीत पिंपात काळ्या द्राक्षांचा रस आंबून खदखदतोय, भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतोय. उन्हं कलली की त्यात कडक दारू ओतायची आहे. नवरा, बस्त्याव, गेल्यापासून घरात ही पहिलीच वाईन. दारूच्या कॅनवर वाकून त्याने विडी पेटवली आणि भडका उडाला. त्यातच तो जळून मेला.

पापण्या जड होतात. खदखद जवळ सरकते. खाटेच्या कडेला बस्त्याव बसलाय. अर्ध्या चेहऱ्याचा कोळसा झालाय.

"अजून ओतली नाहीस?"

"ऊन कलू द्या."

"तोवर रस स्वतःचीच साखर खाऊन बसेल. कडू होईल. उकळी असतानाच दारू ओतून मारावा लागतो, तरच गोड राहतो. माझ्या खापरपणज्याला पाद्रींनी हेच शिकवलं."

खाट नाही. ती पिंपात उभी राहून द्राक्षं तुडवतेय. पिंपाला चर्चच्या खिडक्या आहेत. बाहेर दारूबंदीच्या काळातले पोलीस सासऱ्याला काठ्यांनी बडवताहेत, कुऱ्हाडीने पिंपं फोडताहेत. लाल लोंढा वेदीच्या पायऱ्यांवरून खाली येतोय.

"बापाने हाडं मोडून घेतली, पण वाईन सोडली नाही," बस्त्याव म्हणतो आणि कमरेचा पट्टा सोडतो.

पट्टा तिच्या पाठीच्या ओळखीचा आहे. वाईनसाठी आणलेली निम्मी दारू हाच ढोसायचा, मग पट्टा निघायचा.

"तुलाही वेळेवर मारली," तो हसतो, "म्हणून गोड राहिलीस."

पहिला फटका मानेवर बसतो, दुसरा कानावर. केस धरून तो तिचं तोंड रसात दाबतो. नाकात, घशात चिकट गोड आग. उभ्या जन्मात तिने त्याला अरे-तुरे केलेलं नाही. आता मात्र ती उसळून वर येते आणि मूठ त्याच्या तोंडावर हाणते.

"मेलायस ना तू? मग मर!"

ती मारत सुटते. जबडा कडकन वाजतो. ओठ फाटतात. रक्त कुठलं, रस कुठला, कळत नाही.

"सेराफिन, पुरे," तो कण्हतो.

"'पुरे, पुरे' असं मी किती वेळा म्हटलं? एकदा तरी ऐकलंस?"

ती त्याचं डोकं रसाखाली धरून ठेवते. बुडबुडे येतात, विरळ होतात, थांबतात.

"आई!" मुलगी, जेसिंता, तिला गदागदा हलवतेय. "केवढ्याने ओरडत होतीस! रस उतू चाललाय. दारू ओतू का?"

"नको. मी ओतते."

ती उठते, पण उजवी मूठ उघडत नाही. जेसिंता एकेक बोट सोडवते. तळहातावर दात आहे, मुळाशी ओलं रक्त.

"अगंबाई, तुझा पडला?"

सेराफिन जिभेने आपले दात चाचपून बघते. सगळे जागच्या जागी आहेत.