चाचांच्या गठुड्यातली पन्नी
कोऱ्या मांजरपाट कापडाचा वास आला की उदगीरच्या बाजारातली ती सभा डोळ्यांपुढे येते. पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांवर, नुकतीच बंदी आली होती आणि ती पाळायची की नाही हे आम्ही दुकानदार हात वर करून ठरवणार होतो. तपासणीच्या भीतीनं मी सकाळीच माझ्या किराणा दुकानातला पन्नीचा गठ्ठा शेजारच्या शिंपी चाचांच्या गठुड्यात खुपसला होता. शिंप्याचं गठुडं कोण तपासतंय! पण सभा काय रंगली! "पन्नी खाऊन माझी म्हैस गेली, भाऊ! कापडी पिशव्या घ्या, पहिली फुकट!" चाचांनी असं म्हणताच शिट्ट्या वाजल्या, भराभर हात वर गेले, माझासुद्धा. मग पिशव्या वाटायला त्यांनी तेच गठुडं सोडलं आणि पन्नीचा ढीग बाहेर पडला. "वा चाचा, वरून कापड अन् आत पन्नी!" हशा उसळला, वर गेलेले हात खाली आले. "कुणी ठेवली, सांगा की," चाचा मलाच विचारत होते. मी म्हणालो, "मला काय म्हाईत?" आज सकाळी, इतक्या वर्षांनी, मी त्यांना खरं सांगून टाकलं. चाचा म्हणाले, "मला काय सांगून राहिले? बाजाराला सांगा." तर बाजारकरांनो, ऐका: ती पन्नी माझी होती!