शिरीषभाऊंच्या टेबलावरची माणसं

शिरीषभाऊंच्या बायकोचा, अनघावहिनींचा, फोन आला तेव्हा मी सायकलवर होते, हँडलला भाजीच्या पिशव्या. "मंजिरी, शिरीष गेला गं," एवढंच त्या म्हणाल्या. आदल्याच शनिवारी मी शिरीषभाऊंना टिलबर्गहून फेल्डहोवनला घरी सोडलं होतं. गाडीतून उतरताना त्यांनी नेहमीसारखं बजावलं होतं, "डब्बे आडवे नको ठेवू, संगिनी वाकतात." माझ्याशी ते बोलले ते शेवटचं हेच... शिशाच्या सैनिकांच्या संगिनींबद्दल. त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं. आता राग उरलाय आणि तो या लेखात उतरणार, त्याला माझा इलाज नाही.

शिरीष वानखडे इथे चिपची यंत्रं बनवणाऱ्या एका डच कंपनीत इंजिनिअर होते. केसाहून बारीक रेघांचा हिशेब करणारा हा माणूस गाडीच्या स्टिअरिंगवर बसला की घामाघूम व्हायचा. माझ्या मुलीचा नाचाचा क्लास शनिवारी टिलबर्गला, म्हणून त्यांना नेण्या-आणण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. तिथे एका सभागृहात लढायांचे खेळ खेळणारं मंडळ जमतं. मोठ्ठं टेबल, त्यावर डोंगर-नद्या, अंगठ्याच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, हातात फूटपट्ट्या आणि फासे. पन्नाशीचे गृहस्थ हे सगळं इतक्या गंभीरपणे करतात की पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. शिरीषभाऊंची लढाई ठरलेली, अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण युद्ध. उत्तरेचं आणि दक्षिणेचं, दोन्ही सैन्यं त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

हेच युद्ध का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी यवतमाळकडच्या आपल्या गावाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि वानखड्यांचं घर वर आलं. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. "पण लढाई काहून झाली, ते कोणी सांगेच ना," शिरीषभाऊ म्हणाले. "शाळेत कळलं. तिकडे कापूस वेचणारे गुलाम होते. आणि आमच्या शेतात वेचणाऱ्या बाया? त्यांची तरी नावं आमच्या घरात कोणाला ठाऊक आहेत?" हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढला की मागच्या सीटवरच्या माझ्या मुलीने कानातली गाणी काढली.

मंडळातल्या बहुतेकांना हे युद्ध म्हणजे घोडदळ, झेंडे आणि शूर सेनापती. गुलामगिरीचा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणणार, भांडण खरं तर राज्यांच्या हक्कांचं होतं. शिरीषभाऊ शांतपणे विचारायचे, "कसला हक्क? माणसं विकण्याचाच ना?" समोरचा घाईघाईने फासे टाकायचा. उत्तरेलाही ते सोडत नसत. राष्ट्राध्यक्षांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढायला रणांगणावरच्या यशाची वाट पाहिली, आणि काढला तेव्हा आपल्या बाजूला राहिलेल्या राज्यांतले गुलाम त्यातून वगळले, कारण ती राज्यं दुखवायची नव्हती! "पण माणसं जाहीरनाम्यासाठी थांबली नव्हती," ते म्हणायचे. "बोचकं उचललं नि उत्तरेच्या छावणीकडे चालू लागली. आणि छावणीत त्यांची नोंद काय झाली, माहीत आहे? शत्रूचा जप्त माल!" हे 'जप्त माल' मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. दर वेळी तितकाच संताप.

म्हणून त्यांनी ती माणसंही बनवली. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, गाठोडी घेतलेली पोरं, सगळी चालत निघालेली. त्यातल्या एका बाईच्या डोक्यावर बोचकं आणि खांद्यावर शाल. रंगवता रंगवता सवयीने हात गेला आणि शालीला त्यांनी लुगड्यासारखा लाल काठ काढला. मंडळाचा प्रमुख हेरित भिंगातून बघून म्हणाला, "हे इतिहासाला धरून नाही." शिरीषभाऊ लाजले, पण काठ पुसला नाही. या माणसांसाठी त्यांनी नियमही लिहिला. व्हिक्सबर्गच्या लढाईत ती उत्तरेच्या फळीपर्यंत पोचली, की उत्तरेला वाटाडे मिळणार, खंदक खणायला हात मिळणार आणि दक्षिणेची रसद तुटणार. एकदा खेळून पाहिलं, दक्षिण धडाधड कोसळली. हेरितने निकाल दिला, खेळाचा तोल जातो. "जातोच," शिरीषभाऊ म्हणाले. "खरोखर गेला होता म्हणून तर हरले ना ते!" नियम नामंजूर झाला. ती माणसं टेबलावर ठेवायला परवानगी मिळाली, पण देखावा म्हणून, झाडं आणि कुंपणांसारखी. तरी शिरीषभाऊ दर लढाईआधी काठाची बाई पहिली ठेवायचे. "आधी ही," म्हणायचे, मग सैन्यं मांडायचे. परतीच्या वाटेवर धुसफुसत बसायचे आणि मी... मी म्हणायचे, "जाऊ द्या ना शिरीषभाऊ, खेळ तर आहे." आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ व्हिक्सबर्गचाच खेळ ठेवला. दोन्ही सैन्यं मंडळालाच द्यायची असं वहिनींच्या मनात होतं. त्यांना तिथे जाववेना, म्हणून डबे मीच नेले, उभे ठेवून. फोटो, फुलं, कॉफी, केक, सगळं व्यवस्थित होतं. हेरितचे डोळे भरून आले होते, तेही खोटं नव्हतं. सैनिक मांडून झाले, पण चालणारी माणसं कुठेच दिसेनात. शोधते तर झाडांच्या खोक्यात, पालथी! मी काठाची बाई काढली, पुसली आणि टेबलावर ठेवली. हेरितने ती दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला केली. "आज स्पर्धेसारखं खेळतोय," तो समजुतीने म्हणाला. "यांना आपण काचेच्या कपाटात ठेवू. फार सुंदर आहेत."

सुंदर! ज्या माणसाच्या नावाने केक कापायचा, त्याचं एकुलतं एक म्हणणं कपाटात? बाहेर जाऊन मी वहिनींना फोन केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उचल सगळं." मी आत गेले आणि उचललं. घोडेस्वार, तोफा, झेंडेवाले, ती चालणारी माणसं, एकेक करून खाचेत बसवत. दहा-बारा दांडगे पुरुष कॉफीचे कप धरून बघत उभे होते. हेरित म्हणाला, "पण खेळ सुरू झालाय." मी चालणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून म्हटलं, "त्यांच्याशिवाय नाही." संगिनी वाकू नयेत म्हणून मी मुळीच घाई केली नाही.

आता सैन्यं माझ्या घरी आहेत आणि भाऊंच्या अक्षरातला तो नियमाचा कागद फ्रिजवर. परवाच्या शनिवारी वहिनी आल्या. आम्हा दोघींना फासे धड टाकता येत नाहीत. जेवणाच्या टेबलावर निळी चादर कापून नदी केली, डबे उघडले. माझी मुलगी, जी माझ्या मराठीला एरवी डचमध्ये उत्तर देते, तोफा कुठे ठेवायच्या म्हणून विचारू लागली. मी तोफेकडे हात नेला तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट धरलं. डब्यातून ती लाल काठाची बाई काढून त्यांनी रिकाम्या टेबलावर उभी केली, उत्तरेकडे तोंड करून.

"आधी ही," त्या म्हणाल्या.